धड छत्री

जव्हार, ११ जून २०२५

प्रतिभा,

मायना काय लिहावा ते सुचेना. 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील, आत्ता आठवलं का. 'सौ.' लिहिलं तर तू पत्र पुढे वाचणारच नाहीस. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, त्यावर तरी आपलं भांडण नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तू नुसता हं हं करतोस हेमंत. ते तुझ्या माणसांपुढे कर. मला काही सांगायचं असेल तर लिही. पत्रात हं म्हणता येत नाही." आणि फोन ठेवलास. तरी मी काही वेळ तो तसाच कानाला लावून बसलो होतो.

तर लिहितो. इथे सगळं ठीक आहे. पाऊस यंदा लवकर लागला, राबातली भाताची रोपं बोटभर वर आलीत. साखरशेतचं घर बंद करून मी जव्हारला खोली घेतली, ते तुला कळलंच असेल. बाहेर पाटी लावली आहे, आत दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, एक चटई. आपल्या ओटीवर कुणीही येऊन बसायचं, कुत्रं यायचं, कोंबड्या यायच्या. हे आता रीतसर समुपदेशन केंद्र आहे. प्रतिसाद चांगला आहे.

सोमवारी तुझी शाळा उघडेल. तुझ्या वर्गावर तात्पुरते एक गुरुजी आलेत. मुलं रस्त्यात मला धरतात, बाई कधी येणार म्हणून. मी सांगतो, बाईंच्या आईंना लकवा झालाय, त्यांचं करायला बाई नाशिकला आहेत, दिवाळी झाली की येतील. नाशिक जिल्ह्यात कायमची बदली मागायची की परत यायचं, हे तू दिवाळीच्या आत ठरवणार आहेस, हे मुलांना सांगत नाही. ते मला एकट्याला माहीत असलेलं बरं.

आईंना नमस्कार सांग. त्यांच्या उजव्या हाताची बोटं रोज कोमट तेलाने चोळत जा, आणि चोळून झालं की त्यांना तुझी वेणी घालायला सांग. जमणार नाही, पण सांग.

हेमंत


जव्हार, २७ जून

प्रतिभा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन वाक्यं: "पावसाचं कळलं. तुझं काही कळलं नाही."

मास्तरीणबाईंनी वही परत केली, आता नीट लिहितो. प्रतिसाद चांगला आहे हे मी ठोकून दिलं होतं. कुणी येत नाही. पाटीवर 'समग्र समुपदेशन केंद्र' असं झोकात लिहून घेतलंय. पहिल्या आठवड्यात एकजण आला, त्याला वाटलं ही शाळेची समग्र योजना आहे, पोरीचा गणवेश मागत होता. दुसरे एक आजोबा बीपी बघायला आले. मी म्हटलं, बाबा, इथे यंत्र नाही, इथे बोलायचं असतं. ते म्हणाले, "बोलायला पाटी कशाला लागते?" आणि माठातलं पाणी पिऊन गेले.

दिवसभर मी एका खुर्चीवर बसतो. कंटाळा आला की दुसऱ्या खुर्चीवर बसतो.

तुला माहीत आहे मी या वाटेला कसा लागलो. सरकारी दवाखान्यात करारावर समुपदेशक होतो तेव्हा माणसाच्या हातात रिपोर्ट द्यायचा आणि तो रडायला लागायच्या आत पुढच्याला हाक मारायची. एकदा एका बाईला सगळं समजावून सांगितलं, आजार, गोळ्या, खबरदारी. ती ऐकून म्हणाली, "ते कळलं. पण मना झोप लागत नाय, त्याचं काय?" माझ्याकडे झोपेचा रकाना नव्हता. तिथून डोक्यात बसलं की माणूस तुकड्यातुकड्यांनी दुखत नाही. झोप, जेवण, श्वास, पाय, शेजार, सगळं एकदम दुखतं. करार संपल्यावर तो नाशिकचा कोर्स केला आणि परत येऊन आपल्या ओटीवर बसायला लागलो. माणसं यायची, तू शाळेतून दमून यायचीस, त्यांना चहा करायचीस. ती गेली की मी भिंतीला टेकायचो आणि तू तुझ्या दिवसाचं बोलायला लागलीस की माझं हं सुरू व्हायचं. माझ्यातलं ऐकणं तोवर संपलेलं असायचं. तुझ्या वाट्याला खरकटं यायचं.

त्या कोर्सात सांगितलेलं इथे केलं. दार बंद, शांत खोली, समोरासमोर खुर्च्या, नजरेला नजर. आपल्याकडे दार लावून कुणी बसलं की गावाला दोनच गोष्टी सुचतात. एक तर आत भगत अंगात आणतोय, नाहीतर भानगड आहे. आणि नजरेला नजर लावून विचारणारी माणसं इथे ठाऊक आहेत ती पोलीस आणि तलाठी. हे मला, इथेच जन्मलेल्याला, कळू नये?

भात मी अजून दोघांचा लावतो. हात ऐकत नाही. सकाळी उरलेला फोडणीला टाकतो आणि तोही दोघांचाच होतो.

हेमंत


खोडाळा, १७ जुलै

प्रतिभा,

हे पत्र बाजारातून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. पाठीवर ताडपत्री गळतेय.

गेल्या महिन्यात मी केंद्राची पत्रकं वाटायला खोडाळ्याच्या बाजारात आलो होतो. पत्रकं लोकांनी घेतली, त्यात मिरच्या बांधल्या. मी वाळूच्या शेजारी टेकलो. वाळू म्हणजे मोखाड्याचा सुकटवाला, त्याचा आवाज तू ऐकला असशील, तो हळू बोलला तरी जीपवाले वळून बघतात. बसल्या बसल्या माझ्या छत्रीची काडी निसटली होती ती तारेने बांधत होतो. एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. तिने काही न विचारता काखेतली छत्री माझ्यापुढे टाकली. "माझी पण कर."

दादांची आठवण झाली. तुला ते सासरे म्हणून फार वर्षं लाभले नाहीत, पण पावसाळ्याच्या तोंडी ते याच बाजारात छत्र्या दुरुस्त करत बसायचे. देवराम छत्रीवाला म्हणून अजून जुनी माणसं ओळखतात. पुढच्या बाजाराला मी त्यांची पत्र्याची पेटी काढून आणली. पक्कड, सुया, काड्या, काळा दोरा, सगळं तेल लावून ठेवलेलं होतं. गृहस्थ गेला तरी पेटीला गंज नाही.

आणि प्रतिभा, माणसं बोलायला लागली. मी कापडाकडे बघतो, तीही कापडाकडे बघतात. माझे हात कामात असतात, म्हणून त्यांना वाटतं हा काही आपल्याकडून मागत नाहीये. एकाने बायको माहेरी गेल्याचं सांगितलं, माझी सुई बोटात गेली. मी विचारतो ते फार साधं. झोप लागते का, कुणाबरोबर जेवता, चालताना कुठे दुखतं. छत्री होईपर्यंत बोलणं, छत्री झाली की उठणं. ओटीवरही असंच होतं की. कुणी कोयता मागायला यायचं, कुणी विस्तव, आणि मग तासभर बसायचं. निमित्त घेऊन आलेलं माणूस ताठ मानेने येतं. मी जव्हारच्या खोलीत निमित्तच ठेवलं नव्हतं.

ती म्हातारी दर बाजाराला येते. तिला मी जानी म्हणतो. तिचं खरं नाव तुलाही सांगणार नाही, तेवढा धंद्याचा धर्म मी पाळतो. छत्री तिच्या नवऱ्याची आहे. तो वीटभट्टीवर गेला तो तिथेच ताप येऊन वारला, छत्री गाठोड्यातून परत आली. दर वेळी तीच काडी वाकलेली असते. काडी अशी एकाच जागी आपोआप वाकत नाही. गुडघ्यावर ठेवून ती स्वतः वाकवते, हे मला पहिल्या दोन वेळांतच कळलं. मी दर वेळी ती गुपचूप सरळ करून देतो.

छातीत दाटतं म्हणाली. मी म्हटलं, श्वास मोजत जा, आत चार, बाहेर सहा. ती हसायला लागली. "मोजला त कमी होल ना रं बाबा! दाणा नि श्वास मोजू नये." मग म्हटलं, चूल फुंकतेस ना, तशी चूल नसताना फुंकत जा. ते तिला पटलं. तिथेच बसून तिने माझ्या पेटीवर लांब फुंकर घातली, सगळे खिळे उडाले.

आज मला बरं वाटतंय. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि कुणाला तरी म्हणजे तुलाच.

हेमंत


जव्हार, १५ ऑगस्ट

प्रतिभा,

तुझं कार्ड मिळालं. "खिळे सापडले का?" एवढंच. पण मी ते पेटीच्या झाकणात आतून चिकटवलंय.

खिळे सापडले. जानी हरवली.

चूक माझी. गेल्या आठवड्याच्या बाजाराला ती आली, छत्री टाकली, बसली. खूप बोलली त्या दिवशी. नवऱ्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं ते तिला माहीत नाही, हे पहिल्यांदा बोलली. माझ्यातला कोर्स केलेला शहाणा जागा झाला. वाटलं, आता हिला या छत्रीच्या आडून बाहेर काढावं. आता विश्वास बसलाय, आता मोकळेपणाने यावं हिने. मी मायेनेच म्हटलं, "जानी, छत्रीला काही झालेलं नाही. तशीच येत जा."

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नजरेला नजर. मग छत्री उचलून पदरात घेतली, जशी चोरी पकडल्यावर वस्तू लपवतात तशी, आणि सुकटाच्या पाट्या ओलांडून निघून गेली. वाळू ओरडला, "ओ मावशे, काय झाला?" ती थांबली नाही.

कालच्या बाजाराला ती आली होती. पलीकडच्या बाजूने गेली. छत्री मिटलेली काखेत, आणि डोक्यावर पाऊस.

वाळू मला म्हणाला, "तू लय शिकला रे, पण मधीच घाण करतो." त्याच्याशी भांडता येत नाही, सगळ्या बाजाराला ऐकू जातं.

इथे जव्हारला धुकं असं उतरलंय की खिडकीतून समोरचं घर दिसत नाही. खोलीत दोन खुर्च्या आहेत. मी एक उचलून घरमालकाला परत दिली. रिकामी खुर्ची डोळ्यापुढे नको वाटते. मला एकटं वाटतं प्रतिभा. हे दुसऱ्या कुणी माझ्यापुढे बसून सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, कुणाबरोबर जेवता?

हेमंत


खोडाळा, ११ सप्टेंबर

प्रतिभा,

जानी आली.

मी कुणाचं तरी कापड टाचत होतो. समोर दोन पाय येऊन उभे राहिले. मी वर बघितलं नाही. छत्री पुढे पडली. ती म्हणाली, "मूठ हालते."

मूठ पहाडासारखी घट्ट होती. मी ती हलवून बघितली, कानाशी नेली, भुवया उंचावल्या आणि म्हटलं, "हलते खरी. वेळ लागेल."

"लागू दे," म्हणाली आणि पोत्यावर बसली.

मी मूठ काढली, पुसली, परत बसवली. ती नागलीच्या निंदणीचं बोलली, पायाच्या पोटऱ्यांचं बोलली, मग नवऱ्याचं. दिवाळीनंतर ती सुनेबरोबर त्याच भट्टीवर जाणार आहे, तिथल्या माणसांना विचारायला, की पाणी कुणी पाजलं. जाऊ नको म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. "छत्री नेणार?" एवढं विचारलं. "नेणार तं. त्याचीच हाय ती."

आता हा माझा नियम झालाय. धड छत्रीला धड म्हणायचं नाही. माणूस काय आणतो ते घ्यायचं, हातात धरायचं, आणि गप्प राहायचं. आयुष्यभर एवढंच जमलं तरी पुरे, असं मी आज मोठ्या ऐटीत स्वतःला सांगितलं.

आईंनी तुझी वेणी घातली, तीन पेड नीट पडले, हे तू चक्क पाच ओळींत कळवलंस. मी ते वाळूला वाचून दाखवलं. त्याने सगळ्या बाजाराला दाखवलं.

हेमंत


जव्हार, १० ऑक्टोबर

प्रतिभा,

तू काल पोचलीस का, कितीला पोचलीस, त्र्यंबकला गाडी लगेच मिळाली का, हे काही तू कळवलेलं नाहीस. मीही विचारलं नाही. म्हणून सकाळपासून लिहायला बसलोय.

पाऊस जाऊन आठवडा होऊन गेला. काल ऊन लख्ख होतं. बाजारात छत्र्या नव्हत्याच, मी पिशव्यांचे बंद टाचत होतो. पोत्यावर कुणी येऊन बसलं. काळी छत्री पुढे आली, लाकडी मुठीची, दादांनी तुला पहिल्या पावसाळ्यात दिलेली. आणि तुझा आवाज आला.

"जरा बघता का?"

कॉलेजपासून तू मला अरेतुरे करतेस. साखरशेतच्या बायकांनी त्यावरून तुला किती छळलं, तरी तू बदलली नाहीस. काल 'बघता का' म्हणालीस. वाळू तोंड उघडणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

मी छत्री उघडली. सगळ्या काड्या सरळ, टाके घट्ट, कापडाला भोक नाही. खटका वाजला तोही नव्यासारखा. मला कळलं तू का आलीस. माझा नियम आठवला. मी एका टोकाचा टाका उसवला आणि परत घालायला घेतला.

आणि तू बोललीस. आई आता काठी धरून चालतात. भावाच्या घरी माणसं खूप, बोलणं खूप, पण सगळं भाजीचं आणि गाडीचं. संध्याकाळी गच्चीवर जातेस आणि साखरशेतची घंटा किती वाजता होत असेल ते आठवतेस. मग म्हणालीस, "माझा नवरा चांगला माणूस आहे. सगळ्यांचं ऐकतो. मला पत्रं लिहितो. त्याच्या पत्रात पाऊस असतो, म्हातारी असते, खुर्च्या असतात. एकटं वाटतं असंही लिहितो. पण ये असं एकदाही लिहीत नाही. मला वाटतं तो मला मोकळं सोडतोय, भल्या माणसासारखा. बदलीचा अर्ज सोमवारी भरायचा आहे. भरू की नको, हे मी कुणाला विचारायचं?"

मी टाका ओढला. दोरा दातांनी तोडला.

आणि म्हटलं, "हं."

तू छत्री घेतलीस, मिटलीस आणि "किती झाले?" विचारलंस. मी मान हलवली. तू जीपकडे गेलीस, मागच्या सीटवर बसलीस, शेजारच्या बाईची पाटी मांडीवर घेतलीस. जीप भरेपर्यंत उभी होती. सगळा वेळ मी बघत होतो आणि उठलो नाही. हातात सुई होती.

जीप वळली तेव्हा वाळू म्हणाला, "वहिनी होती ना रं?" हळू म्हणाला. त्याचं ते हळू बोलणं मला फार लागलं.

जानी पलीकडे बसली होती. तिने सगळं बघितलं. उठून आली, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "माझी छत्री मोडकी नव्हं, ता मना ठावं होता. तुला पण ठावं होता. माझा माणूस मेला, मना कोणी ये म्हणाया नाय. तिला हाय ना?"

प्रतिभा, त्या म्हातारीला जे बोलल्यामुळे ती उठून गेली, तेच ऐकायला तू इतक्या लांबून आली होतीस. परक्यापुढे निमित्त लागतं. आपल्या माणसाचं निमित्त हातातून काढून घ्यावं लागतं, हे मला तू पोत्यावर बसलेली असताना सुचायला हवं होतं. मी तुला ऐकलं, अगदी रीतसर ऐकलं, कोर्सात असतं तर शाबासकी मिळाली असती. नवरा म्हणून मात्र मी मुका बसलो.

म्हणून इथे लिहितो, कारण इथे हं म्हणता येत नाही. तू परत यावंस असं मला वाटतं. वाटतं नाही, पाहिजे. साखरशेतचं घर मी दिवाळीच्या आत उघडतोय, झाडून घेतो. माणसांचं बाजाराच्या दिवशी बाजारातच, ओटी रोज संध्याकाळी तुझी. आईंना घेऊन ये, त्यांना चालायला आपलं अंगण सपाट आहे. दोघांचा भात लावायची सवय मी मोडलेली नाही, आता तिघांचा लावेन. आणि यायचं नसेल तर तसं तोंडावर सांग. मी भांडेन, खूप भांडेन, गप्प बसणार नाही.

सोमवारच्या आत हे पत्र पोस्टाने पोचायचं नाही. म्हणून आत्ता ते घेऊन मीच नाशिकला निघालोय. शेवटच्या ओळी स्टँडच्या बाकावर लिहितोय. दार तू उघडशील तेव्हा माझी जीभ परत टाळ्याला चिकटली, तर हा कागद तुझ्या हातात देईन. तू खालची ओळ आधी वाच.

प्रतिभा, छत्रीला काही झालेलं नाही. तशीच ये.

तुझा,
हेमंत